ताबा कुणाचा? शेवटच्या मिनिटातल्या एका फाऊलचं प्रकरण

डिसेंबरातली संध्याकाळ, पश्चिम नागपुरातलं उघडं सिमेंटचं मैदान, आंतर-क्लब बास्केटबॉल स्पर्धेतला खुल्या गटाचा सामना. पांढरा संघ ६२, निळा ६१. चौथ्या क्वार्टरचे ४७ सेकंद उरलेले, बॉल पांढऱ्यांकडे, शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायला संघाला मिळणारे २४ सेकंद मोजणाऱ्या घड्याळावर, ९. दोन्ही संघांचे चार-चार टीम फाऊल कधीच भरलेले, म्हणजे यापुढे बचाव करणाऱ्याने साधा फाऊल केला तरी समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणीही न अडवता बास्केटवर दोन फेकी. मी त्या दिवशी टेबलामागे निरीक्षक म्हणून बसलो होतो. माणसांची आणि क्लबांची नावं इथे लागत नाहीत. जर्सीचा रंग आणि नंबर पुरे.

पांढरा ७ नंबर तीन गुणांच्या कमानीच्या टोकाशी ड्रिबल करत उभा होता. निळ्या ११ने डावा हात घालून बॉल खालून टिचकावला. बॉल मध्यरेषेकडे सुटला. तिथून मध्यरेषा साडेपाच-पावणेसहा मीटरवर, म्हणजे धावत्या पोराला तीन-चार ढांगा. ११ त्याच्या मागे सुटला. बॉल गुडघ्याएवढा उसळला तेव्हा याने पूर्ण हात ताणून बोटांनी तो पुढे ढकलला. बॉल एकदा टप्पा खाऊन कमरेपर्यंत आला, तोवर ११ त्याच्या बरोबरीला पोहोचला होता. समोर मध्यरेषेवर पांढरा १० उभा होता. ११ने तळवा बॉलवर टाकला आणि बॉल खाली दाबत उजवीकडे काढला. पुढचा टप्पा हातात यायच्या आधीच पांढरा ७ बाजूने घुसला, त्याची मांडी ११च्या कमरेवर आदळली आणि ११ आडवा झाला. मध्यरेषा अजून ओलांडायची होती. शिटी वाजली तेव्हा घड्याळात ४५ होते.

शिटी मुख्य पंचांची. फाऊल पांढरा ७, यावर कुणाचाच वाद नव्हता. पंचांनी मूठ वळून हात लांब केला: बॉलचा ताबा असलेल्या संघाचा फाऊल. अर्थ असा की पांढऱ्यांचा ताबा अजून चालूच होता, म्हणून फ्री थ्रो नाहीत, निळ्यांना फक्त थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकणं.

निळ्यांचे कोच बाकावरून उठले. "सर, पोट्टा ड्रिबल करून राहिला होता ना जी! दोन थ्रो द्या."

पांढऱ्यांच्या बाकावरून लगेच उत्तर. "कुठी ड्रिबल? बॉल पळून राहिला होता अन् हा त्याच्या मागं."

वादाची ही दोन टोकं त्या दोन वाक्यांत नेमकी आली, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. निळ्या ११चा हात बॉलला तीनदा लागला होता आणि या तीन स्पर्शांपैकी कुठल्या स्पर्शाला ताबा निळ्यांचा झाला, किंवा झालाच नाही, एवढाच प्रश्न होता.

नियम काय म्हणतो

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमावलीतलं कलम १४ बॉलच्या ताब्याबद्दल आहे. खेळाडू जिवंत (म्हणजे खेळात असलेला) बॉल धरून असेल, ड्रिबल करत असेल किंवा बॉल त्याच्या हवाली असेल, तेव्हा त्याच्या संघाचा ताबा सुरू होतो. बॉल सहकाऱ्यांमध्ये पास होत असताना तो चालू राहतो. संपतो तीनच कारणांनी: प्रतिस्पर्ध्याने ताबा मिळवला, बॉल मृत झाला, किंवा शॉटसाठी बॉल हातातून सुटला.

यात बॉल हातातून निसटणं हे कारण नाही. प्रतिस्पर्ध्याने बॉलला हात लावणं हेही नाही. बॉल मैदानावर गडगडत असला, दहाही जण त्याच्या मागे असले, तरी ज्यांच्याकडे तो शेवटचा होता त्यांचाच ताबा चालू. प्रेक्षकांना, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ खेळाडूंनाही, हे पटत नाही. लूज बॉल म्हणजे कुणाचाच नाही, अशी समजूत घट्ट बसलेली असते. मैदानावर बॉल बेवारस असेल, नियमांत तो फार क्वचित बेवारस असतो.

अमेरिकी शाळांच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून आलेली पोरं यात आणखी गोंधळ घालतात. तिथल्या नियमांत 'इंटरप्टेड ड्रिबल' नावाची वेगळी अवस्था आहे: बॉल ड्रिबल करणाऱ्यापासून क्षणभर दूर गेला तर खेळाडूचा ताबा सुटतो, संघाचा राहतो. तिथे खेळाडू स्वतः टाइम-आऊट मागू शकतो, आणि तो त्या क्षणी द्यायचा की नाही हे यावर ठरतं. आपल्याकडे टाइम-आऊट कोच टेबलाकडे मागतो आणि तोही बॉल मृत झाल्यावर किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर मिळतो. तो वादच इथे येत नाही. इकडचा निवाडा इकडच्या पुस्तकाने.

आता ड्रिबल म्हणजे काय, ते कलम २४ सांगतं. ताबा मिळवलेला खेळाडू बॉल जमिनीवर टाकतो, टॅप करतो, लोळवतो किंवा आपटतो आणि दुसऱ्या कुणाला लागायच्या आत पुन्हा त्याला हात लावतो, तो ड्रिबल. त्याच कलमात ड्रिबल नसलेल्या गोष्टीही दिल्या आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातून बॉल टॅप करून काढणं, गर्दीतून तो मिळवण्यासाठी टॅप करत राहणं, पास अडवून मग बॉल घेणं, हातातून फंबल होणं, यातलं काहीच ड्रिबल नाही.

जरा बारकाईने पाहिलं तर इथे नियम स्वतःभोवतीच फिरतो. ताबा कसा मिळतो, तर धरून किंवा ड्रिबल करून. ड्रिबल कोण करू शकतो, तर ज्याने ताबा मिळवला आहे तो. बॉल हातात धरला असेल तर काही अडत नाही. पण आमच्या ११ नंबरसारखा कुणी बॉल एकदाही न धरता थेट टप्प्यावर घेत असेल, तर पुस्तक तुम्हाला दारापर्यंत सोडतं आणि परत फिरतं. पुढचं पंचाच्या नजरेवर.

हा तिढा खेळाइतकाच जुना म्हणायला हवा. १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथने लिहिलेल्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हताच. बॉल उघड्या हाताने कुठल्याही दिशेला मारता येत होता, मुठीने नाही, आणि तो घेऊन पळायला बंदी होती. मारलेल्या बॉलच्या मागे स्वतःच पळायचं, ही युक्ती खेळाडूंनी काढली आणि नियम तिच्या मागून आले.

तीन स्पर्श, एकेक करून

पहिला स्पर्श सोपा. पांढऱ्या ७च्या ताब्यातून बॉल टिचकावणं. ताबा पांढऱ्यांचाच. शॉट क्लॉकही चालूच राहायला हवं होतं.

दुसरा स्पर्श: हात पूर्ण ताणलेला, बॉलला फक्त बोटांची टोकं, बॉल जातच होता त्याच दिशेला आणखी थोडा ढकलला गेला. त्या क्षणी ११ला बॉल थांबवता आला असता का? नाही. डावीकडे वळवता आला असता? नाही. तो बॉलच्या मागे होता, बॉल त्याच्या मागे नव्हता. हा बॉल मिळवण्याचा प्रयत्न आहे, मिळवणं नव्हे.

तिसऱ्या स्पर्शाला चित्र बदललं. बॉल कमरेच्या उंचीला, खेळाडू बरोबरीला, तळवा वर. आणि मुख्य म्हणजे बॉलची दिशा बदलली. समोर पांढरा १० उभा दिसला म्हणून ११ने बॉल उजवीकडे काढला. धरायचा असता तर त्याला तो दोन्ही हातांनी उचलताही आला असता. त्याने ते केलं नाही, कारण पुढे मोकळं मैदान होतं. बॉल आता खेळाडूच्या मनाप्रमाणे चालला होता. माझ्या मते ताबा इथे बदलला.

पांढऱ्यांच्या कोचनी सामन्यानंतर एक चांगला मुद्दा काढला, तो टाळून चालणार नाही. ते म्हणाले, "सर, नियमात पुन्हा हात लावला तर ड्रिबल असं आहे ना? चौथा हात लागलाच नाही. मग ड्रिबल कुठून आला?" अक्षरशः घेतलं तर बरोबर. पण चौथा हात लागला नाही, कारण त्यांच्याच ७ नंबरने मध्ये मांडी घातली. फाऊलने तोडलेली गोष्ट, ती पूर्ण झाली नाही म्हणून फाऊल करणाऱ्याच्या पारड्यात टाकता येत नाही. शॉटच्या वेळी दंड्यावर मारून बॉल हातातून पाडला तरी आपण शॉटवरचा फाऊल देतोच. तरीही मी मान्य करीन की इथे एखादा चांगला, अनुभवी पंच वेगळा निर्णय देऊ शकतो आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. दुसऱ्या स्पर्शाला ताबा देणाऱ्याला मात्र म्हणेन.

कुणाला काय दिसलं

दोन पंचांच्या सामन्यात बॉल असा अचानक फिरला की भूमिकाही फिरतात. बास्केटखाली उभे असलेले मुख्य पंच आता खेळाच्या मागे पडले आणि मागून धावत आले. मध्यरेषेजवळचे दुसरे पंच एकदम पुढे झाले आणि मान वळवून बाजूने पाहत होते. मुख्य पंचांना ७ आणि ११ यांच्यामधली फट स्वच्छ दिसत होती, म्हणून धक्का त्यांनी अचूक पकडला. पण बॉल ११च्या पाठीआड होता. त्यांना दिसला तो पळणारा पोरगा आणि अधूनमधून उसळणारा बॉल. दुसऱ्या पंचांना धक्का नीट दिसला नाही, बॉलवरचा तळवा दिसला.

दुसरे पंच वयाने बरेच लहान. अशा वेळी नागपुरातच काय, कुठेही तरुण पंच तोंड मिटून उभा राहतो. सिनियर सरांनी हात दाखवल्यावर मध्ये कोण बोलणार? हा बोलला. मुख्य पंच टेबलाकडे निघाले होते, त्यांना त्याने मध्येच गाठलं. बोलणं टेबलापर्यंत ऐकू आलं, कारण मैदान एव्हाना गप्प होतं.

"सर, तिसऱ्या टप्प्याला बॉल त्याच्या हाताखाली होता. त्यानं दिशा बदलली, मग कॉन्टॅक्ट."

"पक्कं? वळवला की नुसता लागला?"

"वळवला सर. दहा नंबरला चुकवून."

मुख्य पंचांनी पुढे काही विचारलं नाही. टेबलासमोर येऊन नंबर दाखवला, फाऊलचा प्रकार दाखवला आणि दोन बोटं वर केली. पांढऱ्यांचा बाक उसळला. त्यांच्या कोचना पंचांनी जवळ बोलावून एकाच वाक्यात सांगितलं की धक्का लागला तेव्हा ताबा निळ्यांचा होता, माझ्या बाजूने बॉल दिसत नव्हता, दुसऱ्या पंचांच्या बाजूने दिसत होता. एवढंच. त्या एका वाक्यानं कोच खाली बसले. निर्णय पटला म्हणून नव्हे, तो कुणाच्या डोळ्यांनी झाला हे कळलं म्हणून.

मला यातला प्रश्न आवडला: "वळवला की नुसता लागला?" ताबा होता का, असं विचारलं असतं तर तरुण पंचाने हो म्हटलं असतं आणि आपलं मत सांगितलं असतं. हातानं काय केलं ते विचारल्यामुळे त्याला पाहिलेलं सांगावं लागलं.

अनस्पोर्ट्समनलाइक (साध्यापेक्षा गंभीर धरला जाणारा फाऊल) का नाही, असं निळ्यांच्या गटातून कुणीतरी ओरडलं होतं. त्याचं उत्तर समोरच उभं होतं: पांढरा १०. बास्केटकडे निघालेला खेळाडू, बॉल आणि बास्केट यांच्यामध्ये कुणीच नसताना मागून किंवा बाजूने धक्का दिला तर तो फाऊल तसा ठरतो, आणि तिथे खेळाडू बॉल मिळवायच्या प्रयत्नात असला तरी चालतं, पूर्ण ताबा लागत नाही. इथे १० मध्ये होता. ७ बॉलसाठीच आला होता, उशिरा आला, पण धसमुसळा नव्हता. साधा फाऊल.

टेबलावरची गंमत

या सगळ्यात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. ११ने पहिल्यांदा बॉल टिचकावला त्याच क्षणी शॉट क्लॉकवरच्या पोराने बटण दाबून २४ केले. त्याच्या हिशेबाने बॉल गेला तो गेलाच.

शिटी लगेच वाजली आणि बॉल निळ्यांनाच मिळणार होता, म्हणून ही चूक पोटात गेली. पण समजा, तिसरा स्पर्श झालाच नसता आणि पांढऱ्या ७ने मागे धावून बॉल परत पकडला असता. मग? ताबा बदललाच नव्हता, म्हणून शॉट क्लॉक नऊवरून पुढे, म्हणजे सहा-सात सेकंद उरलेले. बोर्डावर मात्र २२ किंवा २१. एका गुणाची आघाडी, चाळीसेक सेकंद बाकी, आणि पांढऱ्यांना फुकटचे पंधरा सेकंद. पंचाच्या ताब्याबद्दलच्या निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही, पण घड्याळाची न सुधारलेली चूक हे प्रोटेस्टचं कारण होऊ शकतं. म्हणजे त्या संध्याकाळी सामना लिखित तक्रारीत जाण्याचा खरा धोका दोन फ्री थ्रोंमुळे नव्हता, त्या बटणामुळे होता.

याच समजा-च्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. बॉल मध्यरेषेपलीकडे पांढऱ्यांच्या बॅक कोर्टात, म्हणजे त्यांना राखायच्या अर्ध्या मैदानात, गेला असता आणि ७ने तिथे उचलला असता तर बॅक कोर्टचं उल्लंघन झालं असतं का? नाही, कारण फ्रंट कोर्टात, म्हणजे ते हल्ला करत होते त्या अर्ध्यात, बॉलला शेवटचा हात निळ्याचा लागला. आणि ७ला पुन्हा ड्रिबल करता आला असता का? हो, प्रतिस्पर्ध्याचा हात लागून बॉल सुटला होता. प्रेक्षक या दोन्ही वेळी हमखास ओरडतात. शिवाजीनगर-धरमपेठ भागात बास्केटबॉल वर्षानुवर्षं पाहणारी मंडळीही ओरडतात. ताबा कायम असला तरी बॉल शेवटचा कुणाला लागला हा प्रश्न वेगळा मोजायचा असतो. ताबा शॉट क्लॉक आणि फाऊलची शिक्षा ठरवतो. शेवटचा स्पर्श बॅक कोर्ट आणि आऊट ठरवतो. शॉट क्लॉकवरच्या पोराला मी सामन्यानंतर इतकंच सांगितलं की हात लागला म्हणून बोट दाबायचं नाही. बॉल हातात बसला किंवा टप्प्यावर नीट आला की मग. अर्धा सेकंद उशीर झाला तर कुणाचं काही बिघडत नाही, लवकर दाबलं की आधीचा आकडाच पुसला जातो.

मोबाइलमधला पुरावा

सामना संपल्यावर बाहेर तर्री पोह्यांच्या गाडीवर दोन्हीकडची पोरं एकाच मोबाइलवर डोकी घालून होती. कुणीतरी जाळीजवळून चित्रण केलं होतं. इतक्या खालच्या पातळीवर पंचांना व्हिडिओ पाहून निर्णय द्यायची सोय नसते आणि प्रेक्षकांच्या चित्रणाला अर्थातच काही किंमत नाही. तरी मीही पाहिलं.

वेग कमी करून पाहिलं की दुसरा स्पर्शसुद्धा ताबा वाटायला लागतो. बोटं बॉलवर जास्त वेळ टेकलेली दिसतात, मनगट वळल्यासारखं दिसतं, आणि खेळाडूच्या मनात काहीतरी योजना होती असं वाटू लागतं. निळी पोरं त्याच्यावरच अडून होती: "पाहा ना भाऊ, इथीच ड्रिबल चालू झाला." मूळ वेगाने लावलं की ती योजना नाहीशी होते आणि बॉलमागे पळणारा पोरगा उरतो. तिसरा स्पर्श मात्र दोन्ही वेगांत सारखाच दिसतो. तरुण पंचांच्या शिबिरात क्लिपा दाखवताना आधी पूर्ण वेगाने निर्णय घ्यायला लावावा आणि वेग नंतर कमी करावा, असं मी हल्ली सुचवतो. उलट क्रमाने दाखवलं की पोरं प्रत्येक टॅपला ताबा देऊ लागतात.

निकालाचं म्हणाल तर ११ने पहिला थ्रो टाकला, दुसरा रिंगवरून बाहेर आला, पांढऱ्यांनी रिबाउंड घेऊन बास्केट केलं आणि सामना ६४-६२ असा काढला. त्यामुळे तक्रार वगैरे काही झालं नाही.

राहता राहिला एक प्रश्न, तो एका जुन्या सहकारी पंचांनी मला फोनवर विचारला. ७ एक ढांग आधी पोहोचला असता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पर्शाच्या मध्ये धक्का लागला असता, तर? तोच खेळाडू, तीच मांडी, तीच कंबर. तेव्हा ताबा पांढऱ्यांचाच, फाऊल ताबा असलेल्या संघाचा, निळ्यांना जवळच्या जागेवरून थ्रो-इन, शॉट क्लॉकवर नवे २४, फ्री थ्रो नाही. निळ्यांचे कोच बाकावरून उठले असते ते खाली बसलेच नसते, आणि मुख्य पंचांची वळलेली मूठ तशीच ठेवावी लागली असती.